गुणी खेळाडूची पारख

(गोंदिया जिल्ह्यातील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



महाविद्यालयात बास्केटबॉल खेळणारा एखादा मुलगा किंवा मुलगी पुढे या खेळाच्या आधारावर आपले आयुष्य उभे करू शकेल काय, हे कसे ओळखावे, या विषयावर मी आपल्यापुढे विचार मांडावेत अशी सूचना होती. धान, सिंचन, वनहक्क, आरोग्य असे मोठे प्रश्न समोर असताना हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु आमगावचा किंवा देवरीचा एखादा बाप आपल्याकडे येऊन विचारतो, "गुरुजी, पोराला खेळू देऊ की शिकवणी लावू?" तेव्हा आपण दिलेल्या उत्तरावर त्या घराची तीन-चार वर्षे अवलंबून असतात. चुकीने दिलेला होकार त्या मुलाचे शिक्षण खातो. चुकीने दिलेला नकार त्याचे भाग्य खातो. म्हणून हे उत्तर अंदाजाने देऊ नये, एवढेच मला आज प्रामुख्याने सांगावयाचे आहे.

आपल्या झाडीपट्टीतील शेतकरी धानाचे पऱ्हे टाकतो. पऱ्हे हिरवेगार उगवले म्हणून तो राशीचा हिशेब मांडीत नाही. रोवणीनंतर ते रोप बांधीत मूळ धरील काय, पाणी ओसरल्यावर टिकेल काय, हे त्याला पाहावयाचे असते. महाविद्यालयीन मैदानावरचा खेळ हा असाच पऱ्ह्यांचा हिरवेपणा आहे. ते रोप वरच्या बांधीत, म्हणजे विद्यापीठाच्या, राज्याच्या आणि व्यावसायिक संघाच्या मैदानावर रोवले असता तग धरील काय, याचा विचार म्हणजे पारख.

गुणफलकाचा चकवा

या खेळाचा जन्मच शिक्षकाच्या हातून झाला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने सज्ज्याच्या कठड्याला पीच या फळाच्या दोन टोपल्या टांगल्या आणि हिवाळ्यात कोंडून पडलेल्या विद्यार्थ्यांना एक नवा खेळ दिला. त्या टोपल्यांची दहा फुटांची, म्हणजे ३.०५ मीटरची उंची आजही कायम आहे. वाय.एम.सी.ए. या संस्थेमार्फत हा खेळ भारतात रुजला. १९३४ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९८० मध्ये भारताचा पुरुष संघ मॉस्को ऑलिंपिकमध्ये खेळला.

सामना संपला की आपण प्रथम विचारतो, कोणी किती गुण केले? पारख करणाऱ्याने हा प्रश्न शेवटी विचारावा. समजा, एका खेळाडूने ३० वेळा चेंडू फेकला, त्यांपैकी १२ फेकी साधल्या आणि २४ गुण केले. दुसऱ्याने १० फेकी केल्या, ७ साधल्या आणि १४ गुण केले. वर्तमानपत्रात पहिल्याचे नाव छापून येईल. पण पहिल्याने प्रत्येक फेकीमागे संघाला ०.८ गुण दिला, तर दुसऱ्याने १.४. शिवाय पहिल्याने अठरा वेळा चेंडू वाया घालविला. वरच्या पातळीवर त्याला ३० फेकी कोणी करू देणार नाही. तेथे प्रत्येक संघाला २४ सेकंदांत फेक करावी लागते आणि चेंडू पाच जणांत वाटला जातो. वाट्याला आलेल्या सात-आठ संधींचे तो काय करील, हे पाहावयाचे असते.

दुसरी गोष्ट प्रतिस्पर्ध्याची. आपल्या जिल्ह्यात बास्केटबॉल खेळणारी महाविद्यालये थोडी आहेत. दुबळ्या संघाविरुद्ध केलेले ३० गुण आणि नागपूरच्या कसलेल्या संघाविरुद्ध केलेले ८ गुण यांत दुसऱ्यांचे मोल अधिक असू शकते. म्हणून खेळाडूला त्याच्याहून सरस संघापुढे निदान तीनदा पाहिल्याविना त्याच्याबद्दल मत देऊ नये. सामना एकतर्फी झाला तरी चालेल. हरणाऱ्या संघातील खेळाडू शेवटच्या पाच मिनिटांत कसा धावतो, हे गुणफलकावर कोठेच लिहिलेले नसते.

यावर एक सोपा उपाय आपल्या हाती आहे. फ्री थ्रो म्हणजे फळ्यापासून ४.६ मीटर अंतरावरून, समोर कोणी अडविणारा नसताना केलेली फेक. तिच्यावर प्रतिस्पर्ध्याचा परिणाम होत नाही. ती केवळ हाताची सफाई सांगते. अमेरिकेतील परीक्षक महाविद्यालयीन खेळाडू पुढे लांबून फेक करू शकेल काय हे ठरविताना त्याच्या फ्री थ्रोकडे मोठ्या विश्वासाने पाहतात, कारण सामन्यातील लांबच्या फेकी थोड्या असतात आणि योगायोगाने साधूही शकतात. आपणही पाच वेगवेगळ्या दिवशी, सराव संपल्यावर, खेळाडू दमलेला असताना प्रत्येकी वीस फेकी मोजाव्यात. शंभरांतून सत्तर साधणारा हात शिकविण्यायोग्य आहे असे खुशाल समजावे. पन्नासच्या आत राहणाऱ्याच्या फेकीची घडण आधी सुधारावी.

उंचीचा अर्थ

बास्केटबॉल म्हटले की उंची आलीच. पण उंचीविषयी आपल्याकडे एक गैरसमज रूढ आहे. महाविद्यालयाच्या संघात १८३ सेंटिमीटरचा, म्हणजे सहा फुटांचा मुलगा सर्वांत उंच असतो, म्हणून त्याला रिंगखाली उभे केले जाते. चार वर्षे तो तेथेच खेळतो, रिबाउंड घेतो, जवळून गुण करतो आणि जिल्ह्यात नाव मिळवितो. पुढे राज्याच्या निवड चाचणीला गेल्यावर रिंगखाली त्याच्याहून वीतभर उंच मुले उभी असतात. तेथे त्याला बाहेर यावे लागते. बाहेर खेळावयाचे तर डाव्या हाताने ड्रिब्लिंग हवे, लांबून फेक हवी, धावता धावता पास देता आला पाहिजे. हे त्याला कोणी शिकविलेलेच नसते. मुलगा एका दिवसात नापास होतो आणि गावी परत येतो. वास्तविक त्याची जागा आपण चुकीची ठरविलेली असते.

म्हणून पारख करताना पहिला प्रश्न असा असावा, की या उंचीच्या खेळाडूला वरच्या पातळीवर कोणती जागा मिळेल? त्या जागेची कामे त्याला आज येतात काय? येत नसतील, तर शिकण्याइतके वय व वेळ त्याच्यापाशी आहे काय? अठराव्या वर्षानंतर मुलांची उंची फारशी वाढत नाही, आणि मुलींची वाढ तर त्याआधीच थांबलेली असते. तेव्हा महाविद्यालयीन खेळाडूच्या बाबतीत आणखी उंच होईल या आशेवर काही ठरवू नये. शाळेतील चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र उलट सावधगिरी हवी. लवकर वयात आलेला मुलगा आज सर्वांना भारी पडतो, पण दोन-तीन वर्षांनी बाकीचे त्याला गाठतात.

उंचीबरोबर आणखी तीन मापे घ्यावीत. दोन्ही हात पसरून कवेची लांबी, हात वर करून उभ्याने पोहोचण्याची उंची आणि जागेवरून मारलेली उभी उडी. यांस भिंत, खडू व मोजपट्टी एवढेच साहित्य लागते. एकाच उंचीच्या दोन मुलांत ज्याची कव लांब, तो प्रत्यक्ष खेळात उंच ठरतो. अमेरिकेतील व्यावसायिक संघ निवडीपूर्वी हीच मापे घेतात. आपल्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या प्रवेश चाचण्यांतही उंची, उडी, शटल रन, मेडिसिन बॉल फेक, धावणे व लवचिकता अशीच मोजमापे असतात. ती वर्षातून तीनदा घेऊन तारखेसह लिहून ठेवली, तर वाढीचा आलेख आपोआप तयार होतो.

चेंडू नसताना

यापुढची पारख मापात बसत नाही, पण तीच अधिक मोलाची आहे. चाळीस मिनिटांच्या सामन्यात मैदानावर दहा खेळाडू आणि एक चेंडू असतो. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या खेळाडूच्याही हाती बहुतेक वेळ चेंडू नसतो. त्या वेळी तो काय करतो? उभा राहतो की सहकाऱ्यासाठी जागा मोकळी करतो? आपला चेंडू प्रतिपक्षाने घेतला तर मान खाली घालतो की वळून धावत बचावास जातो? बचाव करताना त्याची पावले सरकतात की केवळ हात हलतात? पास देण्यापूर्वी त्याची नजर कोठे असते? अर्धा तास चेंडूकडे न पाहता एकाच खेळाडूकडे पाहण्याची सवय शिक्षकाने लावून घ्यावी. पहिल्या दिवशी ते अवघड जाते, नंतर मात्र दुसऱ्या रीतीने सामना पाहणेच कठीण होते.

शिकण्याचा वेग ही दुसरी कसोटी. खेळाडूला आज नवी गोष्ट दाखवावी. उदाहरणार्थ, डाव्या हाताने रिंगजवळची फेक. तीन आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता, ती पाहावी. ज्याने एकट्याने सराव करून ती आत्मसात केली असेल त्याच्याविषयी आशा बाळगावी. आज अधिक येते पण वर्षभरात काही वाढलेले नाही, असा खेळाडू आणि आज कमी येते पण दर महिन्याला पुढे सरकतो, असा खेळाडू यांत दुसरा निवडावा.

जाणत्यांनाही न दिसलेले

पारख ही अवघड गोष्ट आहे, हे मोठ्यांच्या अनुभवावरूनही दिसते. अमेरिकेच्या व्यावसायिक संघांनी २०१४ मध्ये नवे खेळाडू निवडले तेव्हा सर्बियातील निकोला योकिच या तरुणाचा क्रमांक एकेचाळिसावा लागला. तो जड होता, संथ होता, त्याची उडी बेताची होती. पण मैदानावर पुढे काय घडणार हे त्याला इतरांआधी दिसत असे. २०२१, २०२२ व २०२४ मध्ये तोच त्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. चाळीस वेळा जाणत्या माणसांनी दुसऱ्या कोणाचे तरी नाव उच्चारले होते.

आपल्या देशातील उदाहरण सतनाम सिंग याचे. पंजाबातील बल्लो के या खेड्यातील शेतकऱ्याच्या या मुलाची सात फुटांहून अधिक वाढलेली उंची त्याला लुधियानाच्या अकादमीत घेऊन गेली, २०१० मध्ये अमेरिकेत घेऊन गेली आणि २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने बावन्नाव्या क्रमांकावर त्याची निवड केली. असा मान मिळविणारा तो पहिला भारतीय. परंतु मुख्य लीगचा एकही सामना त्याला खेळावयास मिळाला नाही. पुढे चाचणीत बंदी असलेला पदार्थ आढळल्यामुळे त्याला दोन वर्षांची बंदी भोगावी लागली. आपण जाणूनबुजून काही घेतले नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या कर्तृत्वाला यामुळे कमीपणा येत नाही. पण पालकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. उंची दार उघडते, आत टिकविण्याचे काम कौशल्याला करावे लागते. आणि बाजारातील शक्तिवर्धक भुकट्या, गोळ्या जाणकार डॉक्टरांना विचारल्याविना मुलांना देऊ नयेत.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे अन्य खेळांतील आहेत, पण आपल्या कामाची आहेत. सातारा जिल्ह्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव हा मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाने त्याला धावण्याच्या मार्गाला लावले. शरीर त्या श्रमांना पुरे पडत नाही असे दिसले, तेव्हा क्रीडा प्रबोधिनीत त्याला धनुर्विद्येकडे वळविण्यात आले. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो खेळला. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. त्याच्या धावण्याचे गुण तेथे, विशी ओलांडल्यावर, प्रशिक्षकांच्या नजरेस आले. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण त्याने मिळविले. एका खेळात अपुरा पडलेला मुलगा दुसऱ्या खेळात पुरा पडू शकतो आणि सोळाव्या वर्षी न दिसलेला गुण बाविसाव्या वर्षी दिसू शकतो. म्हणून आपल्या वहीतून कोणाचेही नाव कायमचे खोडू नये.

पुढची वाट

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे वळू. खेळावर पोट भरते काय? अमेरिकेतील महाविद्यालयीन मैदानांवर अठरा हजारांच्या आसपास पुरुष बास्केटबॉल खेळतात आणि मुख्य लीगमध्ये दरसाल साठांच्या आसपास निवडले जातात, तेही जगभरातून. हे आकडे मुलांना स्पष्टपणे सांगावेत. भारतात व्यावसायिक लीगचे प्रयत्न झाले. २०२२ मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली. परंतु आपल्याकडील बास्केटबॉलपटूला आजवर खरा आधार दिला तो नोकरीने. रेल्वे, सेनादल, पोलीस, तेल व नैसर्गिक वायू महामंडळ, आयकर विभाग, काही बँका यांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन संघ उभे केले. रेल्वेच्या महिला संघाने राष्ट्रीय स्पर्धा अनेकदा जिंकल्या आहेत. मुंबई-हावडा मार्गावरील जंक्शन असलेल्या गोंदियाला रेल्वे काय आहे हे सांगावयास नको. याखेरीज राज्य शासनाच्या सेवेत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे.

या सर्व वाटांवर पदवी, जन्मतारखेचा खरा दाखला आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात. म्हणून शिक्षण सोडून खेळ, असा सल्ला कोणीही कोणाला देऊ नये. वय कमी दाखविण्याचा मोह टाळावा. एकदा ते उघड झाले की चांगला खेळाडूही बाद होतो. निवड करून देतो असे सांगून पालकांकडे पैसे मागणारे कोणी आले, तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे चौकशी केल्याविना एक पैसाही देऊ नये.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे सांगतो. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. नागपूरची सिया देवधर भारतीय संघातून खेळली. नागपूर आपल्यापासून तीन तासांच्या अंतरावर आहे. तरीही आपल्याकडील अनेक मुलींचा खेळ बारावीनंतर थांबतो. त्याची कारणे पुष्कळदा मैदानाबाहेरची असतात. परतीची शेवटची बस, सोबत येणारी शिक्षिका, सरावाची वेळ. या तीन गोष्टींची व्यवस्था लागल्याविना मुलीच्या गुणांची पारख करणे म्हणजे पाणी न सोडलेल्या बांधीला नापीक ठरविणे होय.

एक वही, एक खांब

शेवटी कामाचे बोलतो. शिक्षकांनी प्रत्येक गुणी खेळाडूची एक वही ठेवावी. तीत खरी जन्मतारीख, वर्षातून तीनदा घेतलेली मापे, शंभर फ्री थ्रोचा हिशेब, सरस संघाविरुद्धच्या तीन सामन्यांची टिपणे, दुखापती आणि परीक्षेचे गुण असावेत. मत एकट्याने देऊ नये. दुसऱ्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या शिक्षकानेही तोच खेळाडू पाहावा, दोघांनी वेगवेगळे लिहावे आणि मग ताडून पाहावे. मुलगा दहावीनंतर दुसऱ्या गावी गेला, तर वहीही त्याच्याबरोबर जावी. आज आपल्याकडे मुलगा शाळा बदलतो आणि त्याची सारी माहिती आधीच्या शिक्षकांच्या आठवणीत राहून जाते.

ग्रामपंचायतीने पूर्ण मैदानाची वाट पाहू नये. २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद पक्के मैदान प्रत्येक गावात होणार नाही, पण अर्धे मैदान होऊ शकते. मुरूम दाबून सपाट केलेली जागा, एक मजबूत खांब, एक फळा आणि बरोबर ३.०५ मीटर उंचीवर बसविलेली रिंग एवढे पुरे आहे. उंची चुकीची बसविली तर मुलांच्या हाताला चुकीची सवय लागते, म्हणून ती मोजून घ्यावी. तीन विरुद्ध तीन हा प्रकार अर्ध्या मैदानावर, एका रिंगवर खेळतात आणि टोकियोपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांतील आश्रमशाळांत एकत्र राहणारी, सकाळ-संध्याकाळ मोकळी असणारी मुले-मुली आहेत. एक खांब तेथे उभा राहिला तर सरावाला वेळ कमी पडणार नाही.

अधिकारीवर्गास विनंती अशी, की तालुक्याच्या शालेय स्पर्धा एका दिवसात उरकण्याची घाई टाळता आली तर पाहावे. हरलेला संघ पहिल्या सामन्यानंतर घरी जातो आणि त्यातील एखादा उत्तम खेळाडू चाळीस मिनिटांहून अधिक काळ कोणाच्या दृष्टीस पडत नाही. प्रत्येक संघास किमान तीन सामने मिळतील अशी रचना केली, तर खर्चात थोडी भर पडेल, पण पारखीला आधार मिळेल.

त्या बापाला काय सांगावे? हो किंवा नाही, असे सांगू नये. वही उघडावी आणि म्हणावे, "भाऊ, पोराची उंची इतकी आहे, या उंचीला वर ही जागा मिळते, त्या जागेची तीन कामे त्याला यायला हवीत, त्यांतील एक येते. वर्षभर दोन शिकवू, शाळा चालू ठेवू आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बसू." असे उत्तर ऐकून गेलेला बाप निराश होत नाही आणि फसतही नाही. मुलगा पुढे देशाकडून खेळला तर आनंदच आहे. खेळला नाही तर पदवी, निरोगी शरीर आणि आपल्याविषयी कोणीतरी खरे बोलले ही जाणीव घेऊन तो बांधीवर परतेल. तेही वाया गेलेले नसेल.